‘टेहानू’ : दोन पंथांचे एकच गृहीतक

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ ते १९७२ या काळात प्रसिद्ध झाल्या; चौथी, ‘टेहानू’, १९९० मध्ये आली. तिच्याविषयी दोन टोकाची मते मांडली जातात. स्त्रीवादी भूमिकेच्या आग्रहापोटी लेखिकेने स्वतःच उभारलेले अद्भुत विश्व मोडले, असे एक पंथ म्हणतो. तिने जुन्या दोषाचे परिमार्जन केले, असे दुसरा. ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : भूमिका संहितेच्या बाहेरून आली. प्रथम तेच तपासले पाहिजे.

बायकांच्या मंत्रविद्येला हिणवणारी गाँट बेटावरची म्हण पहिल्याच कादंबरीत येते. रोकच्या विद्यालयात मुलगेच शिकतात, हेही तेथेच दिसते. गेडची शक्ती संपते ती तिसऱ्या कादंबरीत, जीवन आणि मरण यांमधील दार बंद करताना. शक्ती गमावलेला पुरुष पुढे कसा जगतो, आणि अटुआनच्या थडग्यांतून सुटलेल्या टेनारचे काय होते, हे प्रश्न मालिकेनेच निर्माण करून अनुत्तरित ठेवले होते. शेतकऱ्याची विधवा झालेली टेनार, भाजलेली पोर थेरू आणि शेळ्या राखणारा गेड यांच्याद्वारे ‘टेहानू’ त्यांना सामोरी जाते. विश्वभंगाचा आरोप म्हणूनच टिकत नाही. नायकाचे वैभव लोपल्याची हळहळ वाचकाच्या ठायी खरी असेल; तिला समीक्षेचा निकष मानता येणार नाही.

मात्र समर्थकांनीही विजयोत्सवाची घाई करू नये. घरकाम, संगोपन आणि रात्रीचे भय यांतून अर्थ घडवणारी ही कादंबरी अखेरीस कड्याच्या टोकाशी अडखळते. मांत्रिक अ‍ॅस्पेन ही स्त्रीद्वेषाची नुसती मूर्ती आहे; त्याला अंतर्विरोध नाही. टेनार आणि गेड यांची सुटका होते ती थेरूच्या हाकेला धावून आलेल्या कालेसिन या ड्रॅगनच्या अग्नीने. थेरूचे ड्रॅगनांशी असलेले नाते आधीच सूचित आहे, असा युक्तिवाद केला जाईल. तो मान्य केला तरी आक्षेप उरतोच, कारण प्रश्न संभवनीयतेचा नाही. वर्चस्व गाजवणाऱ्या सामर्थ्याविरुद्धचे प्रतिपादन त्याहून मोठ्या सामर्थ्याच्या आश्रयाने तडीस जाते. येथे रूप आशयाशी फारकत घेते. उपशीर्षकात अखेरचे म्हणवणाऱ्या या पुस्तकानंतर २००१ मध्ये मालिकेत आणखी दोन पुस्तके आली, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

कलावाद-जीवनवादाच्या वादाने आपल्या समीक्षेला आधी पक्ष निवडण्याची आणि मग संहिता वाचण्याची सवय लावली. संमिश्र अभिप्राय तिला कचखाऊ वाटतो. परंतु कृती जेथे स्वतःशीच भांडते तेथे ते भांडण नेमके दाखवणे, हाच निर्णय असतो. ‘टेहानू’चा प्रश्न रास्त आहे, तिचे उत्तर अर्धे आहे. या दोहोंपैकी एकच विधान करणाऱ्याने कादंबरीही अर्धीच वाचली आहे.