वेबसाइटचे नाव कुणाच्या नावावर?

नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या घरातली मुले-मुली आता लहान का होईना, स्वतःचा धंदा काढू लागली आहेत. कुणी शिवणकाम करतो, कुणी मसाले, कुणी वायरिंगची कामे घेतो. धंदा जरा वाढला की वेबसाइटचा विचार येतो, आणि वेबसाइटला नाव लागते. त्यालाच डोमेन म्हणतात. त्याविषयी बरीच मंडळी आम्हांला विचारतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. 'डॉट इन'ची नावे 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' या संस्थेच्या अखत्यारीत येतात, पण घ्यावी लागतात रजिस्ट्रार कंपन्यांकडून. गिऱ्हाईक आपल्याच भागातले असेल तर 'डॉट कॉम'चा हट्ट नको, 'डॉट इन'ने काही अडत नाही. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरांत असतो आणि नूतनीकरणाचा बारीक अक्षरांत. तो बारीक आधी वाचावा.

नाव निवडताना आपल्या भाषेची अडचण पुढे येते. समजा, बचत गटातल्या भगिनींनी मसाल्याला 'प्रज्ञा' हे नाव दिले. नाव चांगले, आपल्या घराघरातले. पण इंग्रजी अक्षरांत ते कसे लिहाल? मराठी माणूस 'ज्ञ'साठी डी-एन-वाय लिहितो, हिंदी बोलणारा जी-वाय लिहितो, संस्कृत शिकलेला जे-एन. नाव एक, पत्ते तीन! 'विश्वास'मध्ये दुसरा व 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने? 'छाया'त 'एच' एक की दोन? म्हणून आम्ही सांगतो, नाव पक्के करण्याआधी ते चार जणांना फोनवरून सांगा आणि लिहायला लावा. चौघांनी चार प्रकारे लिहिले तर ते नाव सोडा, नाहीतर परवडत असेल तर दोन स्पेलिंगे घेऊन ठेवा. नियमाने ६३ अक्षरांपर्यंत नाव चालते, मधे आडवी रेघही चालते. पण ती रेघ गिऱ्हाइकाला तोंडी सांगत कोण बसणार?

एका अक्षरावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. सत्यम इन्फोवे कंपनीचे नाव होते 'सिफीनेट', दुसऱ्या कंपनीने एक 'एफ' वाढवून 'सिफ्फीनेट' घेतले. २००४ साली निकाल सत्यमच्या बाजूने लागला. धंद्याच्या नावाला जे संरक्षण, ते डोमेनलाही मिळू शकते, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा प्रसिद्ध नावाशी मिळतेजुळते नाव घेऊ नये. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर नोंदलेली नावे फुकट शोधता येतात.

देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळते, मराठीतही. आम्हांला त्याचे कौतुक आहे. पण अजून बऱ्याच ठिकाणी फॉर्म भरताना देवनागरी पत्ता स्वीकारला जात नाही, म्हणून जोडीला इंग्रजी अक्षरांतले नाव असू द्यावे.

आता मुख्य मुद्दा. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या परिचयातल्या एका भगिनीची वेबसाइट ओळखीतल्या मुलाने करून दिली. मुलगा भला होता. पण डोमेन घेताना त्याने स्वतःचे नाव, स्वतःचा ईमेल घातला. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, फोन बदलला. डोमेनची मुदत संपण्याआधी महिनाभर आणि आठवडाभर आगाऊ सूचना येतात, पण त्या नोंदलेल्या ईमेलवर. बाईंना कळणार कसे? मुदत टळली. त्यानंतरही काही दिवस नूतनीकरण करता येते, पुढे जादा पैसे भरून ते सोडवताही येते. तेही दिवस गेले आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी उचलले. पिशव्यांवर, कार्डांवर, दुकानाच्या पाटीवर तेच नाव छापलेले! सहा वर्षे जपलेली ओळख, आणि नावाच्या कागदावर बाईंचे नाव कुठेच नाही.

लाइटचे मीटर आपण दुसऱ्याच्या नावावर घेतो का? मग डोमेन का घ्यावे? वेबसाइट कुणीही बनवो, नोंदणीत नाव, ईमेल आणि मोबाइल धंद्याच्या मालकाचाच हवा. खात्याचा पासवर्ड आणि पैसे भरल्याची पावती आपल्याकडे हवी. बनवणारा म्हणाला, "ताई, मी बघतो ना सगळं," तरी त्याला मायेने पण ठामपणे सांगा, की शेजारी बसून माझ्या नावानेच भर.

बचत गटाचे असेल तर अध्यक्षांचा खाजगी ईमेल देऊ नये, कारण अध्यक्षा बदलतात. गटाचा वेगळा ईमेल काढावा, ठराव-वहीत नोंद करावी आणि मुदत संपण्याची तारीख हप्त्याच्या तारखांशेजारी लिहून ठेवावी.