कमळाच्या पाकळ्या आणि खाजणाची माती

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. झाहा हदीद यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या वास्तुरचना संस्थेने आखलेल्या त्या इमारतीत खांब पाकळ्यांसारखे उमलत जाऊन छताला भिडतात. कल्पना कमळाची आहे. अशा कलाकृतीवर परिवर्तनवादी चळवळीत एक ठरीव आक्षेप घेतला जातो : शैलीकरण म्हणजे वास्तवापासून पलायन, जनतेची कला वास्तववादीच हवी. 1934 साली मॉस्कोत भरलेल्या सोव्हिएत लेखकांच्या परिषदेने समाजवादी वास्तववादाचा पुरस्कार केला, तेव्हापासून हा आग्रह पुन:पुन्हा डोके वर काढीत आला आहे. वस्तुत: तो चुकीच्या जागी बोट ठेवतो.

वारली चित्र पाहावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा; दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो. नाक नाही, डोळे नाहीत. याहून अधिक शैलीकरण ते कोणते? तरीही आवणी करणारी बाई कोणती आणि जाळे टाकणारा गडी कोणता, हे क्षणात ओळखता येते. कारण त्या वाकलेल्या कमरेचा कोन प्रत्यक्ष कष्टातून आलेला असतो. 2018 साली निवर्तलेले जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत हे ठायी ठायी दिसते. तेथे तपशील गळले, श्रम गळला नाही.

याउलट नवी मुंबईच्या रस्त्यांलगतचे बिल्डरांचे फलक पाहावेत. इमारत अद्याप पायातच असते. पण चित्रात तिची खिडकी न् खिडकी, झाडाचे पान न् पान हुबेहूब असते. नसतो तो फक्त गवंडी, आणि ज्याची जमीन गेली तो शेतकरी. हुबेहूबपणा हादेखील असत्याचा वेष होऊ शकतो.

चित्तप्रसाद यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळातील उपाशी माणसे जागेवर जाऊन रेखाटली; ती पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त केली. पुढे मुंबईत राहून त्यांनी कष्टकरी मुलांची लिनोछाप चित्रे कोरली, तेव्हा आकार ठळक आणि मोजके झाले. पद्धत बदलली, बाजू बदलली नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा : चित्रातून काय वगळले, आणि कोणाच्या सोयीसाठी? विमानतळाच्या जागी तिवरे, खाजणे आणि भातखाचरे होती. उलव्याची टेकडी फोडली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा वस्त्या हलविल्या गेल्या. त्याही आधी, 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोसाठी 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. कमळ कोठल्याही नगरीत शोभेल. म्हणूनच ते या मातीविषयी काही बोलत नाही.

कार्यकर्त्यांनी कमळाशी भांडण मांडू नये. मात्र या शहरात सार्वजनिक पैशातून चित्र, शिल्प वा स्मारक उभे राहील तेव्हा आगरी-कोळी गावांना त्याच्या आखणीत स्थान मिळावे, असा आग्रह धरावा. मग त्यांनी सरळ रेषा निवडो वा हुबेहूब चेहरा. ज्यांनी जमीन दिली त्यांना चित्रातून पुन्हा विस्थापित करता येणार नाही.