आठव्या क्रमांकाचे खापर रमेश यांच्यावरच का?

प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना हटवले म्हणूनच पुणेरी पलटण हा कबड्डी संघ सुधारला, हे आपल्या अंकातील लेखातले मत एकांगी आहे. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामात संघ आठवा आला, हे खरे. पण कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला, ते लेखकाने गाळले. रमेश यांच्याच हाताखाली पलटण २०२२ मध्ये अंतिम फेरीत गेली आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेती ठरली.

रमेश यांच्या जागी आलेल्या अजय ठाकूर यांनी बाराव्या हंगामात अंतिम फेरी गाठली, त्याचे श्रेय त्यांना जरूर द्या. मात्र त्याच हंगामात रमेश बंगळुरू बुल्सकडे गेले आणि आदल्या हंगामात तळाला असलेला तो संघ बाद फेरीत आला. याचा उल्लेखही नाही!

२०१९ मध्ये दहाव्या क्रमांकानंतरही पलटणने प्रशिक्षक अनुप कुमार यांना कायम ठेवले. पुढच्याच हंगामात अस्लम आणि मोहित गोयत चमकले. आमच्या महाड-पोलादपुरातल्या गावच्या मैदानांवरही एका हंगामात चढाईपटू घडत नाही. लेखकाने एकच गुणतक्ता पाहून निकाल देऊ नये.

– एक कबड्डीप्रेमी, पोलादपूर