वसा चार चित्रांचा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज वैष्णवांचा मेळा दाटला असेल. ज्यांना पंढरीची वाट चालणे घडले नाही, ते आपल्या घरच्या देव्हाऱ्यातील विठ्ठलाला तुळशीहार घालून तेथूनच हात जोडतील. आजच्या दिवशी भगवान शेषशय्येवर निद्रिस्त होतात आणि कार्तिकी एकादशीस जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. या चार महिन्यांसाठी घरोघर काही ना काही नेम धरला जातो. कोणी कांदा-लसूण, वांगी वर्ज्य करतो, कोणी पोथीचा एक अध्याय नित्य वाचतो, कोणी मौनाने जेवतो. घरातील वडीलधाऱ्यांनी धरलेल्या अशा नेमांच्या छायेत आपण सारे वाढलो आहोत.

या नेमांच्या मालिकेत आणखी एक लहानसा नेम सुचवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच. या चातुर्मासात घरातील सर्वांनी एकत्र बसून, घरच्याच पडद्यावर, चार निवडक मराठी चित्रपट पाहावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

हे वाचून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळी आठी पडेल, याची मला कल्पना आहे. ‘देवाच्या दिवसांत चित्रपट कसला पाहता? त्यापेक्षा चार घटका नामस्मरण करा,’ असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे मला अमान्य नाही. चित्रपट म्हणजे पोथी नव्हे आणि पडदा म्हणजे देव्हाराही नव्हे. परंतु देवाची कथा डोळ्यांनी पाहण्याची ओढ आपल्या परंपरेला नवी आहे काय? सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी कागदावर रंगविलेली चित्रे एकामागून एक पुढे धरून रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले. कोकणातील दशावतार रात्र रात्र रंगला. कीर्तनकारही उत्तररंगात आख्यान लावतो ते श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रसंग उभा करण्यासाठीच. १९८७-८८ साली दूरचित्रवाणीवर ‘रामायण’ मालिका लागे तेव्हा कित्येक घरांत स्नान उरकून, संचाला हार घालून मंडळी बसत असत, हे अनेकांनी पाहिले आहे. प्रश्न पडद्याचा नाही. त्यावर काय पाहावे आणि कसे पाहावे, हा प्रश्न आहे.

‘काय पाहावे’ हे दुसऱ्याला सांगणे आज फार सोपे झाले आहे. चार माणसे भेटली की हे पाहा, ते पाहा, अशा शिफारशींचा पाऊस पडतो. श्रावणातल्या कहाण्यांत मात्र याची रीत वेगळी आहे. तेथे एखादी गांजलेली स्त्री दुसऱ्या स्त्रियांना वसा कसला म्हणून विचारते, आणि ज्यांनी तो स्वतः आचरिला आहे त्याच तिला तो सांगतात. विधी सांगतात, फळ सांगतात आणि पथ्यही सांगतात. ऐकीव वसा कोणी कोणाला देत नाही. माझ्या मते चित्रपटाची शिफारसही अशीच असावी. आपण स्वतः पाहिलेले, घरच्या माणसांत बसून पाहिलेले, तेवढेच दुसऱ्याच्या घरात पाठवावे.

हे शहाणपण मला ठेच लागूनच आले. एका गोकुळाष्टमीला शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले, ‘काका, संध्याकाळी आमची आई आणि मुले एकत्र बसतील, एखादा चांगला चित्रपट सुचवा ना.’ मी नाव पौराणिक वाटले म्हणून एक चित्रपट, न पाहताच, बेलाशक सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ जिन्यात भेटले. बोलले काहीच नाहीत, केवळ हसले. अर्ध्या तासातच त्यांच्या आई जपमाळ घेऊन आतल्या खोलीत गेल्या होत्या, हे मला पुढे कळले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. खाली जी नावे देतो ती सारी मी पाहिलेली आहेत, एकाहून अधिक वेळा पाहिलेली आहेत.

पहिले नाव अर्थातच ‘संत तुकाराम’. प्रभात फिल्म कंपनीचा हा बोलपट १९३६ सालचा, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा पाहताना हा नट आहे, हे विसरायला होते. त्यातील शांताराम आठवले यांचे एक पद तर तुकोबांच्या वाणीशी इतके एकरूप झाले की तो तुकोबांचाच अभंग आहे, असे कित्येक जाणकारांनाही वाटले. चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपास आहे. आजच्या रात्रीच्या जागरणाला याहून शोभणारा चित्रपट मला तरी ठाऊक नाही.

तथापि मी हा चित्रपट सुचवितो तो पुष्पक विमानासाठी नव्हे. मी तो सुचवितो आवलीसाठी. गौरी या नटीने उभी केलेली आवली ही मराठी पडद्यावरची एक अपूर्व स्त्री आहे. नवरा विठ्ठलनामात दंग आहे, घरात धान्याचा कण नाही, मुले भुकेली आहेत, आणि ही बाई शेण-गोठा, चूल, पोरे सारे ओढते आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढीत, हाती पायताण घेऊन, थेट विठ्ठलाच्या मंदिरात शिरते आणि देवालाच जाब विचारते. लहानपणी हा प्रसंग पाहून आम्ही हसत असू. वय वाढले तसे ते हसू ओसरले. शिवरायांनी धाडलेला नजराणा तुकोबा परत पाठवितात तेव्हा आपण त्यांच्या वैराग्यापुढे नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या क्षणी पोरांच्या पोटाची काळजी करणारे कोणीतरी त्या घरात उभे होते, हेही हा चित्रपट विसरत नाही. आवलीला तो कजाग ठरवून मोकळा होत नाही. तुकोबांच्या भक्तीइतकाच तिच्या कष्टांनाही तो मान देतो.

एवढे सारे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वर्षानुवर्षे ऐकवीत आलो. काही वर्षांपूर्वीच्या आषाढीला मुलाने हाच चित्रपट घरी लावला. पाहुण्यांसह आम्ही दहा-बारा माणसे बैठकीत बसलो होतो. मी मधून मधून सर्वांना आवलीची थोरवी समजावून सांगत होतो. चित्रपट संपला, डोळे पुसले गेले, आणि सौभाग्यवती पदराला हात पुशीत स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन तास ती आत साबुदाणा परतीत होती, वऱ्याचे तांदूळ शिजवीत होती, दाण्याची आमटी ढवळीत होती. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांच्या जिभेवर असते, त्यांना ते दुप्पट कोण रांधते याची आठवण क्वचितच होते. ती दारात उभी राहिली आणि तिने मला विचारले, ‘अहो, आवली दिसते कशी हो? मी नुसता तिचा आवाजच ऐकला.’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. पडद्यावरच्या आवलीसाठी गहिवरणारा मी, घरातल्या आवलीला शेजारच्या खोलीत ठेवून बसलो होतो. त्या रात्री सगळे पाहुणे गेल्यावर तो चित्रपट आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मंदिरातल्या प्रसंगाला ती हसली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, ‘बरोबर केलंन तिनं.’

या वशाचे पथ्य तेथेच ठरले. फराळ दुपारीच उरकावा, भांडी सर्वांनी मिळून आवरावीत, आणि घरातील स्त्री येऊन बसल्यावाचून चित्रपट सुरू करू नये. कहाणी ऐकताना घरातील सारी माणसे हातात अक्षता घेऊन बसतात, तसेच हे. आज एकाच घरात चार माणसे चार खोल्यांत, कानांत बोंडे घालून, चार निरनिराळी चित्रे पाहतात. या दिवसांत तरी तसे नसावे.

दुसरा चित्रपट श्रावणासाठी, ‘श्यामची आई’. साने गुरुजींचे हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले गेले. श्याम एकेका रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. म्हणजे तीही एका अर्थी कहाण्यांचीच पोथी होय. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट केला आणि राष्ट्रपतींच्या पहिल्याच सुवर्णपदकाचा मान त्याला लाभला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम ज्यांनी पाहिला ते तो विसरलेले नाहीत. २०२३ साली याच नावाचा नवा चित्रपटही आला. मी सांगतो आहे तो अत्र्यांचा.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हा चित्रपट मुलांना दाखवून लगेच ‘बघ, श्याम कसा होता, नाहीतर तू!’ असे म्हणू नये. त्या आईने श्यामला दुसऱ्या कोणाच्या मुलाचे उदाहरण देऊन घडविले नाही. पायांना माती लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसेच जपायला तिने सांगितले, तेही मायेने. चित्रपट संपल्यावर घरातील आजीला तिच्या आईची एखादी आठवण सांगू द्यावी. मुले तिचे ऐकतील.

तिसरा भाद्रपदासाठी, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांचा २००९ सालचा हा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या मूकपटाची, ‘राजा हरिश्चंद्र’ची, जन्मकथा सांगतो. गणपती घरी असताना, पाहुण्यांनी घर भरलेले असताना, हसत हसत पाहावे असे हे चित्र आहे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रथम प्रदर्शित झाला. ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना फाळके यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला, आणि आपले देव पडद्यावर का येऊ नयेत, या एका विचाराने त्यांनी घरदार पणाला लावले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले! मात्र या साऱ्या खटाटोपात दागिने उतरवून देणाऱ्या, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही करणाऱ्या सरस्वतीबाईंकडे अवश्य लक्ष द्यावे.

चौथा कार्तिकी एकादशीसाठी, वशाच्या उद्यापनासाठी म्हणा हवे तर. नाव ‘एलिझाबेथ एकादशी’, साल २०१४, दिग्दर्शक पुन्हा परेश मोकाशी. नाव ऐकून आमच्या एका वृद्ध आप्तांनी नाक मुरडले होते. एलिझाबेथ हे एका सायकलचे नाव आहे, दिवंगत वडिलांनी मुलांसाठी स्वतः तयार केलेल्या सायकलचे. पंढरपुरातील एक विधवा आई विणकामाच्या यंत्रावर घर चालविते. कर्जापायी ते यंत्र जप्त होते, आणि ते सोडविण्यासाठी सायकल विकण्याची पाळी येते. ती वाचावी म्हणून मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आपण पंढरीला जातो ते विठ्ठलाच्या दर्शनाला, पण त्याच गर्दीवर ज्यांची चूल पेटायची असते, त्या पंढरपूरकरांकडे आपले लक्ष कुठे असते? हा चित्रपट ते लक्ष वेधतो, आणि त्याकरिता भक्तीची टवाळी करीत नाही. नाक मुरडणारे आमचे आप्त शेवटी मुलांआधी टाळ्या वाजवीत होते.

श्रावण, भाद्रपद झाले, कार्तिक झाला. मधला आश्विन राहिला, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. खरे तर त्या महिन्यासाठीही माझ्या मनात एक नाव होते. परंतु ही यादी सौभाग्यवतीला वाचून दाखविली तेव्हा ती म्हणाली, ‘तुमच्या चारही चित्रांत बाईच चूल सांभाळते आहे. आवली काय, श्यामची आई काय, फाळकेबाई काय, आणि ती पंढरपूरची आई काय. नवरात्रातलं चित्र मी निवडीन.’

म्हणून आश्विनाची जागा मी रिकामी ठेवली आहे. नवरात्रात घर देवीचे असते. त्या महिन्याचे चित्र प्रत्येक घरातील स्त्रीने आपल्या आवडीने निवडावे, ते पौराणिक असो वा सामाजिक, जुने असो वा नवे, आणि इतरांनी तक्रार न करता पाहावे. आमच्या घरी काय निवडले जाणार, हे मला अद्याप सांगण्यात आलेले नाही.

आज रात्री मात्र आवली. फराळाची भांडी घासून झाली की दिवा मंद करावा, पहिली जागा जिने रांधले तिला द्यावी, आणि मगच तुकोबांचा वीणा वाजू द्यावा. पांडुरंग हा वसा गोड करून घेवो.