आप्तांबरोबर परदेशीं जाणारें मूल

मामा अगर आत्या सुटींत मुलास परदेशीं नेऊं म्हणतात, तेव्हां आईबापांस आनंद होणें साहजिक आहे. परंतु केवळ नात्याच्या भरंवशावर त्यास धाडूं नये, असें आमचें मत आहे. सीमेवरील अधिकारी नातें ओळखीत नाहीं; तो कागद पाहतो. याकरितां आईबाप या दोघांच्याहि सह्यांचें, नोटरीपुढें केलेलें संमतिपत्र बरोबर द्यावें. मूल कोणाबरोबर, कोठें, किती दिवस जाणार व आजारपणांत औषधोपचारास संमति कोणीं द्यावी, हें त्यांत स्पष्ट असावें. जन्मदाखल्याची प्रतहि जोडावी. परदेशांत अन्यायानें अडकवून ठेवलेलें मूल परत मिळविण्याची सोय १९८० च्या हेग करारांत आहे; पण भारत त्यांत सामील झालेला नाहीं. तेव्हां मागाहून कोर्टकचेऱ्या करण्यापेक्षां आधींच सावध असणें बरें. भावाजवळ कागद मागणें हा अविश्वास नव्हे. तें लेंकराचें रक्षण होय.