वाळवंट खाली नाही

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकातील अरबस्तानचा नकाशा उघडा. दक्षिणेकडच्या मोठ्या भागावर 'रुब-अल-खाली' असे नाव लिहिलेले दिसेल. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून या नावाचा अर्थ तुम्हांला चटकन कळेल. रुब म्हणजे चौथा हिस्सा आणि खाली म्हणजे रिकामा. सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या चार देशांत पसरलेले हे वाळवंट सुमारे ६,५०,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे.

मराठीत मात्र 'खाली' या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा आहे. 'पुस्तक खाली ठेव' असे आपण म्हणतो, तेव्हा ते वर नसून तळाशी ठेवायचे असते. मला विचाराल तर या वाळवंटाला मराठी अर्थच अधिक शोभतो. तिथे जे आहे ते खाली आहे, वाळूच्या खाली. दिवसा पाहणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून त्याने जागेला रिकामी म्हटले.

वाळूखाली राहणाऱ्या या प्राण्यांपैकी एकाला तुम्ही ओळखता. निदान त्याच्या नातेवाइकाला तरी ओळखता. घरात दिव्याजवळ भिंतीवर किडे टिपणारी पाल, जिला तुम्ही छिपकली म्हणता, तिच्याच कुळातील काही जाती वाळवंटात राहतात. मी वर्गात विचारतो, "पालीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य कोणते?" सर्व हात वर होतात. "सर, ती भिंतीवर चढते!" उत्तर बरोबर आहे. पण वाळूतील पालीला भिंतीवर चढताच येत नाही. मग ती पाल कमी दर्जाची झाली का? माझे मत असे आहे की मुळीच नाही, आणि ते का, हे या पाठात तुम्हांला पटवून द्यायचे आहे.

प्रथम भिंतीवरच्या पालीचे पाऊल पाहा. तिच्या बोटांखाली चपटी गादी असते आणि तिच्यावर अत्यंत बारीक लव असते. एका मोठ्या जातीच्या पालीच्या एकाच पावलावर असे सुमारे पाच लाख केस मोजले गेले आहेत. प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे फुटतात. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन पदार्थांच्या रेणूंमध्ये जे सूक्ष्म आकर्षण असते, त्यावर पाल टिकून राहते. डिंक नाही, चिकट पाणी नाही. २००२ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगाने हे दाखवून दिले.

आता हेच पाऊल मोकळ्या वाळूवर ठेवा. चिकटायचे कशाला? वाळूचा कण पायाखालून निसटतो. उलट, वाळूत बीळ खणताना ती नाजूक गादी आडच येईल. म्हणून अरबस्तानच्या वाळूत राहणाऱ्या पालींच्या पायाला अशी गादी नाही. त्यांतील डोरियाची पाल या जातीच्या बोटांच्या कडांना खवल्यांची झालर असते. त्या झालरीमुळे पाऊल वाळूत रुतत नाही आणि खणताना बोटे फावड्यासारखी चालतात.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिब नावाचे वाळवंट आहे. तिथल्या पालीची कथा याहून विशेष आहे. तिच्या जवळच्या नात्यातील जाती खडकांवर सरसर चढतात, त्यांच्या पायाला गादी आहे. तिने मात्र ती गमावली. तिच्या बोटांमध्ये बदकाच्या पायासारखा पडदा आला. पडद्यात बारीक कूर्चा आणि स्नायू आहेत, त्यामुळे तो ताणता येतो आणि आवळता येतो. २०१२ साली अभ्यासकांनी पालींचा वंशवृक्ष मांडून पाहिला, तेव्हा त्यांना असे आढळले की पालींच्या इतिहासात ही चिकटणारी गादी अकरा वेळा निर्माण झाली आणि नऊ वेळा नाहीशी झाली. ही 'नऊ' संख्या लक्षात ठेवा. आपल्याला वाटते की उत्क्रांती म्हणजे प्रत्येक पिढीत काहीतरी वाढणे. पण इथे नऊ वेळा एक उत्तम हत्यार टाकून दिले गेले, आणि टाकणाऱ्या जाती आजही जगत आहेत.

डोळ्यांची गोष्टही अशीच आहे. पालींचे फार जुने पूर्वज दिवसा हिंडणारे होते, आणि अंधारात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशी त्यांच्या डोळ्यांतून गेल्या होत्या. नंतर त्यांचे वंशज रात्री बाहेर पडू लागले. गेलेल्या पेशी परत आल्या नाहीत. तेव्हा रंग ओळखणाऱ्या ज्या पेशी उरल्या होत्या, त्याच मोठ्या आणि तीक्ष्ण झाल्या. परिणाम काय झाला? मोरोक्कोपासून मॉरिटानियापर्यंतच्या कोरड्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका पालीवर प्रयोग करण्यात आला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. अंधुक चांदण्यात आपल्याला सगळे करडेच दिसते. त्याच चांदण्यात त्या पालीने निळा रंग आणि करडा रंग वेगवेगळे ओळखले. अशा प्रकाशात तिचा डोळा आपल्या रंग ओळखणाऱ्या दृष्टीपेक्षा ३५० पट संवेदनशील आहे, असा हिशोब शास्त्रज्ञांनी केला आहे. बहुतेक पालींना उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक आवरण असते. त्यावर धूळ बसली की पाल जिभेने ते पुसते.

नामिबमध्ये जीभ आणखी एका कामाला येते. तिथे पाऊस फारच थोडा, पण समुद्रातील थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर दाट धुके येते. धुक्याचे थेंब पालीच्या अंगावर आणि डोळ्यांवर जमतात, आणि ती ते चाटून पिते. पाण्यासाठी तिला कुठे जावे लागत नाही. याच पालीच्या अंगावरचे काही पट्टे अतिनील प्रकाशात हिरवेगार चमकतात, हे २०२१ साली कळले. किती वर्षे लोक तिला पाहत होते, तरी हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते!

वाळवंट शांत असते असेही आपण लिहितो. कालाहारीत संध्याकाळी उभे राहणाऱ्याला हे वाक्य पटणार नाही. तिथे भुंकणारी पाल नावाची एक जात आहे. सूर्य मावळू लागला की तिचे नर आपापल्या बिळाच्या तोंडाशी येऊन टक टक टक असा आवाज काढतात. एकाने सुरुवात केली की दुसरा, मग तिसरा, आणि सारे मैदान घुमू लागते. मोठ्या नराचा आवाज जाड, लहानाचा बारीक, त्यामुळे न पाहताही प्रतिस्पर्धी किती मोठा ते समजते. इराण आणि बलुचिस्तानकडे राहणारी एक पाल तर शेपटीने आवाज करते. शेपटीवरचे मोठे खवले एकमेकांवर घासले की फुसफुस असा आवाज निघतो.

आता एक नाजूक मुद्दा. पाल दिसली की आपल्याकडे चप्पल हातात घेतात. "ती विषारी आहे" असे सांगतात. मित्रांनो, पालींच्या कुळातील एकही जात विषारी नाही. थरच्या वाळवंटात नव्हे, अरबस्तानात नव्हे, कुठेच नाही. आपल्या महाराष्ट्रातील कोरड्या, खडकाळ माळावर बिबट्यासारखे ठिपके असलेली, जाड शेपटीची एक पाल राहते. तिला मात्र पापण्या असतात. रात्री किडे खाणारा हा निरुपद्रवी प्राणी विषाच्या भीतीने दिसताक्षणी मारला जातो. त्या जाड शेपटीत विष नसते, चरबी असते. भक्ष्य मिळाले नाही तर तिच्यावर दिवस काढता येतात. उत्तर भारतात 'बिसखोपरा' म्हणून ज्यांना ठेचतात, त्यांतही घोरपडीची पिल्ले आणि अशाच पाली असतात. शिजलेल्या अन्नात पाल पडली तर ते अन्न टाकून द्यावे हे खरेच, कारण तिच्या अंगावर जंतू असू शकतात. पण जंतू आणि विष यांत फरक आहे, आणि तो तुम्ही घरी मोठ्यांना अदबीने सांगू शकता.

मारण्यासाठी चप्पलच लागते असेही नाही. तुमच्यापैकी काहींचे चाचा किंवा मामू दुबई, मस्कतकडे नोकरीला असतील. वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारणाऱ्या मोटारींचे फोटो त्यांनी पाठवले असतील. मजा येते, यात शंका नाही. पण उन्हाळ्यात दुपारी वरची वाळू हात ठेवता येणार नाही इतकी तापते. त्या वेळी वाळूतील पाल खाली गार बिळात बसलेली असते. चाकाखाली बीळ ढासळले तर तिने वर यावे की खाली राहावे? भिंतीवरची पाल घर पडले तर दुसऱ्या घरी जाईल. वाळूतील पालीचे पाय वाळूसाठी घडलेले आहेत, तिला वाळूच हवी. म्हणून माझे मत असे की मोटारींसाठी ठरावीक वाटा आखाव्यात आणि बाकीच्या टेकड्या सोडून द्याव्यात. जागा रिकामी आहे, असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

रिकामी या शब्दावरून आठवले. ओमानच्या ईशान्येला शर्किया नावाचा वाळूचा प्रदेश आहे. उंट घेऊन बदू लोक तिथे पिढ्यान्पिढ्या राहत आले, प्रवासी आले, शास्त्रज्ञही आले. तरी तिथे राहणारी एक छोटी पाल ही वेगळी जात आहे, हे २०१३ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच वाळूच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले.