श्रमप्रतिष्ठा फळ्यापुरतीच?

आमची जुनी मारुती ८०० सिग्नलला थांबली की दात वाजल्यासारखी थरथरायची. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलणारच, पण इतकं? गॅरेजवाल्याने "इंजिनचं काम" म्हणून मोठा आकडा सांगितला. निघालं काय, तर माउंटिंगचं चिरलेलं रबर! भाच्याने आणि मी अंगणातच बदललं. ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकवर इंजिनचा भार पेलला आणि एकेक माउंटिंग सोडवून नवं बसवलं.

शेजारी म्हणाले, "सर, या वयात हे शोभतं का?"

का नाही? श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहवून घेताना शोभत होतं, मग नखांत ग्रीस गेलं की लाज कसली? ज्याला पाना धरायची लाज, त्याला कोणीही फसवतो. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं म्हणजे श्रम नव्हे, मूर्खपणा. खाली स्टँड हवेतच.

असो. गाडी आता शांत आहे, शेजारी नाहीत.